मातीकामातलं करिअर: नववी-दहावीच्या वर्गासाठी दोन सत्रं

तीस मुलांसाठी पंधरा किलो मळलेली माती कुंभाराकडून आणा, प्रत्येकी अर्धा किलो. गणपतीची शाडू नको. ती भट्टीत टिकेल याची खात्री नसते.

पहिल्या सत्रात अंगठ्याने दाबत वाटी घडवायची. भिंत सगळीकडे ६ ते ८ मिलिमीटर ठेवा. जाड-पातळ झाली की वाळताना तडा ठरलेलाच. कान जोडताना दोन्ही पृष्ठभाग काट्याने खरवडून मध्ये मातीची पातळ लापशी लावा. नुसता चिकटवलेला कान वाळला की गळून पडतो. वाट्या सावलीत किमान आठवडाभर वाळवा. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि वाटी फुटते, शेजारच्याही घेऊन जाते.

भाजून आल्यावर दुसरं सत्र, आणि खरं महत्त्वाचं हेच. एका वाटीची किंमत मुलांनाच काढू द्या: माती १५ रुपये, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा थर) व भाजणी ६०, ताशी १५० दराने चाळीस मिनिटांचे १००. झाले १७५. दहातल्या दोन फुटतात असं धरलं, तर १७५ भागिले ०.८, म्हणजे सुमारे २१९. फुटीचा हिशेब विसरणारा कारागीर तोट्यात जातो.

मग करिअरच्या वाटा सांगा: स्वतःचा स्टुडिओ, टाइल कारखान्यात ग्लेझचं काम, शिकवणं. शिक्षणासाठी मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय किंवा अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था); दोन्हीकडे प्रवेश परीक्षा असते, म्हणून चित्रकलेची वही आजपासूनच भरायला लावा.