एकदाच मिळणारी चाचणी: सीपीएसएसला जाण्याआधी

भाची एएफकॅट, म्हणजे हवाई दलात अधिकारी होण्यासाठीची प्रवेश परीक्षा, पास झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला, "मामा, सीपीएसएससाठी क्लास कुठला लावू?" सीपीएसएस म्हणजे वैमानिक होण्याची क्षमता तपासणारी चाचणी. म्हटलं, क्लासचं नंतर बघू, आधी आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढ.

फ्लाइंग ब्रँचला, म्हणजे वैमानिकांच्या शाखेला, उंची किमान १६२.५ सेंमी लागते, हे सगळ्यांना पाठ असतं. बाकीची मापं कुणी घेत नाही. भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बस, पाय सरळ पसर. भिंतीपासून टाचेपर्यंत ९९ ते १२० सेंमी भरलं पाहिजे. मग स्टुलावर बस. पाठीमागच्या भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत ६४ च्या आत, आणि बैठकीपासून डोक्यापर्यंत ८१.५ ते ९६. हे नियम उगाच नाहीत. पाय आखूड तर पेडल पुरत नाही, मांडी लांब तर इजेक्शनच्या वेळी गुडघा कॉकपिटच्या कडेवर आपटायची भीती. दुसरं काम डोळ्यांच्या डॉक्टरचं. एका डोळ्याला ६/६ आणि दुसऱ्याला ६/९ ही किमान अट, मायनस नंबर अजिबात चालत नाही आणि रंग नीट ओळखता आले पाहिजेत. यातलं काही बसत नसेल तर क्लासची फी तरी वाचते.

आता मुख्य गोष्ट. सीपीएसएस आयुष्यात एकदाच देता येते. एएफकॅट हुकली तर वयात बसेपर्यंत पुन्हा देता येते, एएफएसबीतून, म्हणजे हवाई दलाच्या निवड मंडळाकडून, परत आलेली मुलं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जातात. इथे मात्र नापास झालं की हवाई दलात वैमानिक होण्याचा रस्ता बंद, नौदलाच्या पायलट एंट्रीचासुद्धा. म्हणून फॉर्म भरतानाच ग्राउंड ड्युटीचे, म्हणजे विमान न उडवणाऱ्या शाखांचे, पर्याय भरून ठेवायचे. त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. आमच्या वेळी या चाचणीला पीएबीटी म्हणत. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने संगणकावरची चाचणी तयार केली ती नंतर. मी त्या जुन्या पीएबीटीत गेलो आणि पडलो. ही यादी त्या पडण्यातूनच आली आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

तयारीत सगळ्यात जास्त वेळ विमानाच्या डायलना द्यायचा. उंचीमापक घड्याळासारखा दिसतो आणि तिथेच घोळ होतो. छोटा काटा हजारांचा, मोठा शेकड्यांचा. मोठा ९ वर असेल तेव्हा छोटा ४ ला जवळजवळ चिकटलेला दिसतो, आणि घाईत आपण ४,९०० वाचतो. खरी उंची असते ३,९००. दिशादर्शकाला मराठी शाळेत पाठ केलेल्या आठ दिशा उपयोगी पडतात: ४५ अंश ईशान्य, १३५ आग्नेय, २२५ नैर्ऋत्य, ३१५ वायव्य. वेग नॉटमध्ये, एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. चढ-उताराचा डायल मिनिटाला किती फूट ते सांगतो.

खरी परीक्षा कृत्रिम क्षितिजाची, म्हणजे विमान कुठे कललंय ते दाखवणाऱ्या डायलची. त्यातलं छोटं विमान जागचं हलत नाही, हलते ती मागची रेषा. विमान डावीकडे कललं की ती रेषा डाव्या बाजूला वर गेलेली आणि उजवीकडे उतरलेली दिसते. ऐकून समजतं, पण अंगात मुरत नाही. त्यासाठी मोबाइलचा कॅमेरा चालू कर, समोरची खिडकीची चौकट धर आणि मोबाइल डावीकडे कलव. स्क्रीनवर चौकट उजवीकडे झुकेल. असं रोज दहा मिनिटं, विचार न करता उत्तर तोंडात येईपर्यंत. नंतर सगळे डायल एकत्र वाचून एका दमात बोलायचं: डावीकडे कलून, चढत, नैर्ऋत्येला, ३,९०० फुटांवर. मनातल्या मनात नाही, मोठ्याने. घरचे हसतील, हसू दे.

मी पडलो ते हातापायांमुळे. लहानपणापासून सायकल चालवलेली, आणि सायकलचं हँडल डाव्या हाताने पुढे ढकललं की चाक उजवीकडे वळतं. विमानाचं रडर पेडल नेमकं उलटं: डावा पाय पुढे दाबला की नाक डावीकडे. दडपण आलं आणि माझे पाय सायकलवर गेले. कुणाकडे जॉयस्टिक आणि पेडलचा संच असेल तर महिनाभरासाठी माग आणि फ्लाइट सिम्युलेटरवर बस. नुसत्या गेमपॅडवरची चपळाई पायापर्यंत पोहोचत नाही. स्टिक बोटांनी धरायची, मूठ आवळून नाही. थोडं चुकलं तर थोडंच सुधारायचं. जास्त ओढलं की आधी या बाजूला आणि मग त्या बाजूला पळापळ सुरू होते. ते जमायला लागलं की धाकट्या भावाला शेजारी बसव आणि मधूनमधून आकडे विचारायला सांग, कारण तिथे हात गुंतलेले असतानाच डोक्यालाही काम दिलेलं असतं.

एएफएसबीच्या पहिल्या दिवशीची ओआयआर (बुद्धिमत्ता चाचणी) आणि पीपीडीटी (चित्र पाहून गोष्ट लिहिणं आणि चर्चा), पुढची मानसशास्त्रीय चाचणी, गटकामं, मुलाखत, यावर तुझे क्लासवाले भरपूर सांगतील. मी एवढंच सांगतो की सीपीएसएस या सगळ्यानंतर, शिफारस झालेल्यांनाच असते. शिफारस झाली की पोरं रात्री जागून गप्पा मारतात. आम्हीही मारल्या होत्या. तू सरळ झोप.

बॅगेत मूळ प्रमाणपत्रं, त्यांच्या प्रती, ओळखपत्र, पासपोर्ट आकाराचे फोटो, रेल्वेचं तिकीट (पहिल्यांदाच जाणाऱ्यांना भाडं परत मिळतं, तिकीट फेकू नकोस). पायात रोज सरावाला घालतेस तेच बूट, नवे नकोत. टॅटूचा विचार डोक्यात असेल तर तूर्त राहू दे.

टेपची मापं आज रात्री मेसेज कर. मांडीचं माप दोनदा घे, एकदा आईकडून.