रुग्णालयाच्या फार्मसीत या चुका टाळा (आधी फ्रिजची वही उघडा)

औषधांच्या फ्रिजचं तापमान लिहायची वही, आणि त्यात महिनाभर सकाळ-संध्याकाळ 4, 4, 4. तेही एकाच पेनाने. फ्रिजची अशी वही दिसली की माझं डोकं फिरतं. खरा फ्रिज कधी 3.6 दाखवतो, कधी 5.1, दार उघडं राहिलं तर त्याच्याही वर.

एका सोमवारी सकाळी दहाला वही बघितली, तर त्याच संध्याकाळचं तापमान लिहून तयार! फ्रिज उघडला. जागा नाही म्हणून इन्सुलिनच्या व्हायल (छोट्या बाटल्या) मागच्या बर्फाळ पत्र्याला टेकवलेल्या. दोन गोठून दगड. बाकीच्या दिसायला ठीक होत्या, पण तिथेच फसगत होते. रेग्युलर इन्सुलिन गोठून वितळलं तरी पाण्यासारखं स्वच्छ दिसू शकतं. गुणाची खात्री उरत नाही. मग रुग्णाची साखर उतरत नाही, डोस वाढत जातो आणि फार्मसीकडे कुणाचं बोट जात नाही. त्या दिवशी सगळा साठा बाजूला काढला, वॉर्डांतून व्हायल परत मागवल्या, वर बोलणीही खाल्ली. लिहिणारा पोरगा म्हणतो, "सर, रोज चारच तर असतं."

तेव्हापासून कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर मधल्या कप्प्यात. सकाळी आधी रात्रीचे दोन्ही आकडे लिहायचे, मगच रीसेट. 2 ते 8 अंशांबाहेर गेलं की मला फोन, रात्री दोन वाजले तरी. मागे चार बोटं जागा मोकळी. आत कुणाचा जेवणाचा डबा सापडला तर तो बाहेर जातो. कुणाचा ते मी विचारत नाही.

दुसरी चूक पोटॅशियम क्लोराइडची, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम वाढवायच्या इंजेक्शनची. 15 टक्क्यांच्या 10 मिलीच्या अँप्युलमध्ये (काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बंद कुपीत) 20 मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) असतात. पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. आणि हे अँप्युल ठेवतात कुठे? डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी, 'हाताशी बरं' म्हणून! माझ्याकडे ते वेगळ्या कपाटात, लाल पट्टीच्या डब्यात असतं. वॉर्डात साठ्याला देत नाही, रुग्णाच्या नावावरच देतो. सिस्टर चिडतात. चिडू देत.

बाकीचं थोडक्यात. आधी आलेलं नव्हे, आधी एक्सपायर होणारं पुढे ठेवा. शेड्यूल एच-1 चं (चिठ्ठीवरच द्यायच्या आणि वेगळी नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीचं) रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं, गठ्ठा करून माळ्यावर फेकू नका. वॉर्डातून परत आलेली फ्रिजची औषधं पुन्हा साठ्यात नकोत. आणि स्ट्रिप कापताना बॅच नंबर-एक्सपायरीची बाजू रुग्णाला देऊन टाकू नका, ती शेवटी कापा.