जखमी गिनीपिगला आधी खाऊ घाला

गिनीपिग जखमी झाला की सगळ्यांचं लक्ष जखमेकडे जातं. पण त्याच्या जिवावर बेततं ते उपाशी राहणं. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. 12 तास पोटात काही गेलं नाही तरी ते मंदावू लागतं. डॉक्टरांकडून घरी आणल्यावर तो स्वतः खात नसेल, तर पेलेट्स (गिनीपिगच्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून पातळ लगदा करा आणि बिनसुईच्या सिरिंजने ओठांच्या कडेने भरवा. एका वेळी अर्धा-एक मिलीच. चावून गिळू द्या, मगच पुढचा घास. उताणं धरून भरवू नका, लगदा श्वासनलिकेत जातो. गवत मात्र कायम समोर हवं. जखम भरायला लागणारं क जीवनसत्त्व त्याचं शरीर बनवत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरचीची फोड द्या.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. ते घसरत असेल किंवा लेंड्या कमी झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ठाणे-नवी मुंबईत बरेच दवाखाने कुत्र्या-मांजरांचेच असतात, तेव्हा गिनीपिग तपासतात का, हे फोनवर आधी विचारा.

पिंजऱ्यातला भुसा काढून स्वच्छ सुती कापड अंथरा, रोज बदला. पावसाळ्यात जखमेवर माशी बसू देऊ नका, अळ्या पडतात. घरातलं अमॉक्सिसिलिन (माणसांचं अँटिबायोटिक) चुकूनही देऊ नका, त्याने गिनीपिग दगावू शकतो.