बचत गटात कामाला येताय? आधी नावावरच्या कर्जाचं समजून घ्या

कर्नाटकातल्या खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या महिला संघटनांत नव्याने कामाला येणाऱ्या मुलींसाठी हे लिहिते आहे. गट कसा बांधायचा, गटाचे पाच नियम म्हणजे पंचसूत्री काय, संजीवनी या सरकारी योजनेतून फिरता निधी कसा मिळतो, हे तुम्हाला ठाऊकच असणार. प्रशिक्षणात तेच घोकून घेतात. जे कुणी सांगत नाही ते एवढंच: बैठकीत तुम्ही नुसत्या बसून असलात, तरी बायका तुम्हाला जामीन धरतात.

घाटाकडच्या एका गावात आमची बचतीची बैठक संपली, वह्या मिटल्या आणि त्याच सतरंजीवर एका कर्ज कंपनीचा माणूस टॅब उघडून बसला. बायका तशाच बसून राहिल्या. मी चहा घेत होते. पुढे हप्ते थकल्यावर एक काकू मला म्हणाल्या, "तुमी तितंच बसला होतासा की बाई, म्हणून अंगठा दिला." त्यांना कर्जातला एक रुपयाही मिळाला नव्हता. पैसे उचलले होते शेजारणीने, काकूंच्या नावावर.

हा प्रकार नीट समजून घ्या, कारण गावोगाव तोच आहे. एका बाईची दोन-तीन कंपन्यांची कर्जं झालेली असतात, पुढे कुणी देत नाही. मग ती ओळखीच्या बाईला म्हणते, "तुझ्या नावावर उचल गं, हप्ता मी भरते, तुला पाच हजार देते." रक्कम जमा होते काकूंच्या खात्यात, काढली जाते काकूंच्याच अंगठ्याने आणि बँकेच्या पायरीवर दुसरीच्या पिशवीत जाते. चार-सहा महिने हप्ते वेळेवर येतात, त्यामुळे आणखी दोघी तयार होतात. मग एक दिवस ती शेजारीण माहेरी गेलेली असते, फोन बंद.

आता हिशेब करा. ५० हजार, २४ टक्के व्याज, दोन वर्षं: महिन्याचा हप्ता २,६४० रुपयांच्या आसपास, एकूण परतफेड ६३ हजारांच्या वर. एवढी जोखीम पाच हजारांसाठी! दोघींमध्ये कागद काहीच नाही. कंपनीच्या दृष्टीने कर्जदार काकूच, आणि नोंदही त्यांच्याच नावावर चढते. पुढे बी-खतासाठी त्या खरंच कर्ज मागायला जातात, तेव्हा दार बंद. वर कंपनीने कर्जासाठी बांधलेला, एकमेकींना जामीन असलेला गट असेल तर बाकीच्या बायका दारात येऊन बसतात. हप्त्यापेक्षा ही भावकीतली बेअब्रू बाईला जास्त लागते.

याचाच दुसरा अवतार म्हणजे सबसिडी. "निम्मं कर्ज सरकार भरणार, निम्मे पैसे तेवढे माझ्याकडे द्या." आपल्या जिल्ह्यात या थापेला पुष्कळ बायका बळी पडल्या. अशा वेळी सरकारी खात्याचं पत्र कुठे आहे, एवढंच विचारा. पत्र कधीच नसतं.

म्हणून माझा नियम: बचतीच्या बैठकीच्या जागी, त्या वेळेला, कंपनीचा माणूस बसू द्यायचा नाही. बसलाच तर आपण उठायचं, आणि का उठतोय ते मोठ्याने सांगून उठायचं. "उगाच वाईटपणा कशाला" असं तुमच्या वरिष्ठ ताई म्हणतील. म्हणू देत.

कंपनीचं कर्ज घेऊच नका, असं मात्र बायकांना सांगत बसू नका. गावात लक्ष्मीची यात्रा आली की घराला रंग, पाहुणे, मटण, माहेरवाशिणींची लुगडी, सगळं एकदम येतं. अशा वेळी गटाची पेटी पुरत नाही आणि बँकेत खेटे घालायला वेळ नसतो. उपदेश ऐकून बाई गप्प बसते आणि तुम्हाला न सांगता कर्ज काढते, एवढाच फरक पडतो. त्यापेक्षा तिला नियम सांगा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या निर्देशांप्रमाणे घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. सकाळी ९च्या आधी आणि संध्याकाळी ६नंतर वसुलीला यायचं नाही. करार आणि कर्जाच्या कार्डावरच्या नोंदी कर्जदाराला समजेल अशा भाषेत हव्यात. आपल्याकडे हे शेवटचं फार कामाचं आहे. कानडी वाचता न येणाऱ्या बाईने मराठीत कार्ड मागणं हा सीमावाद नव्हे, तिचा हक्क आहे.

तुम्ही स्वतः मात्र कानडी शिका. यात सूट नाही. पीडीओ (पंचायतीचा विकास अधिकारी), तलाठी, बँक मॅनेजर, सगळ्यांचे कागद कानडीत चालतात, आणि गटाचा ठराव कानडीत लिहून त्याखाली मराठी बायकांच्या सह्या घेणारे हुशार लोक प्रत्येक गावात आहेत. अक्षरओळख वाटते तितकी अवघड नाही. बसच्या पाट्या वाचत सुरुवात करा. शक्ती योजनेमुळे जून २०२३पासून आपल्याला सरकारी बस फुकट आहे, बसायचंच आहे तर पाट्या वाचा.

फेब्रुवारी २०२५मध्ये कर्नाटक सरकारने जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. दहा वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. लगेच गावात बातमी पसरली की कर्ज माफ झालं. तसं नाही! माफीची तरतूद बिगरनोंदणी सावकारीपुरती आहे, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपनीचं कर्ज तसंच राहतं. हे सांगितल्यावर बायका तुमच्यावर चिडतील. तरी सांगायचंच, कारण माफीच्या आशेवर थकवलेला हप्ता शेवटी त्याच भरतात.

कुणी आधीच अडकली असेल तर घाबरवू नका, अशी बाई आधीच झोपलेली नसते. पहिलं काम म्हणजे तिचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तिच्या नावावरच्या सगळ्या कर्जांची नोंद, काढणं. अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, तिच्याच मोबाइलवर, तिच्याशेजारी बसून काढा. कधी कधी त्यात तिला माहीतच नसलेलं कर्ज निघतं. मग कंपनीकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. जिने पैसे वापरले तिच्याकडून चार बायकांसमोर लिहून घेणं जमलं तर उत्तम. नवरे मध्ये पडायच्या आत घ्या, नंतर नुसती भांडणं होतात.

गुरूंबद्दल एक सांगते. गाडीवरून येऊन बॅनरपुढे फोटो काढून जाणाऱ्यांच्या मागे फिरू नका. गटाची वही लिहिणारी बाई शोधा, बहुतेक सातवी-आठवी शिकलेली असते. कुणाच्या घरी कुणाचा हप्ता चालू आहे, हे तिला तोंडपाठ असतं. मला जे काही येतं त्यातलं निम्मं अशा बायकांकडूनच आलं आहे. रोप लावणीच्या दिवसांत बैठकीला कुणी येत नाही, तेव्हा निराश न होता तिच्या बांधावर जाऊन बसा. आणि जाताना छत्री नको, इरलं किंवा रेनकोट न्या. खानापूरच्या पावसात छत्री टिकत नाही.