रुईच्या फुलापासून रिपीटपर्यंत

कापडावरच्या प्रिंटच्या डिझाइनमध्ये नव्याने येणारी मुलं भेटली की हमखास विचारतात, कल्पना कुठून आणायच्या? बहुतेकांच्या मोबाइलमध्ये दुसऱ्यांच्या डिझाइनचा मोठा साठा असतो. त्यातून निघतं ते दुसऱ्याच्या फुलाचं तिसरं रूप. ठाण्यात राहणाऱ्यांना मी सांगते, आधी रुई बघा.

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात, पण फुलाकडे फारसं कोणी निरखून पाहत नाही. मोकळ्या प्लॉटवर, रस्त्याच्या कडेला झुडपं उभी असतात. पाच जाड, मेणचट पाकळ्या आणि मधोमध पाच कोनांचा मुकुट. हे फूल समोरून काढा, बाजूने काढा, मागून काढा, कळीसकट काढा. (चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार त्रास होतो.) आपल्या जुन्या लुगड्यांच्या काठावरही रुईफुल असतं, तेव्हा तो काठ मिळाला तर शेजारी ठेवून पाहा. उभ्या-आडव्या धाग्यांत बसावं म्हणून विणकराने फुलातलं काय ठेवलं आणि काय सोडलं, हे त्या तुलनेतून जितकं कळतं तितकं मला कुठल्याही वर्गात कळलं नव्हतं.

मग तगर आणि पांढरा चाफा घ्या. दोन्हींच्या पाकळ्या पाचच, पण एकीची कड दुसरीवर चढते आणि सगळं फूल एका दिशेला फिरल्यासारखं दिसतं. ही दिशा चित्रात चुकली की प्रिंट निर्जीव वाटतो. एप्रिल-मे हा माझा आवडता काळ, कारण तेव्हा बहावा आणि तामण दोन्ही फुलतात. तामणाच्या पाकळीची चुरगळलेली कड पेन्सिलने नाही, कोरड्या ब्रशने छान उतरते. येऊरला गेलात तर तिथे फक्त चित्र काढा. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, पान-फूल काहीही तोडायचं नाही.

पोत मात्र बागेबाहेर जास्त मिळतात. पातळ कागद आणि मेणखडू पिशवीत असू द्या. नारळाच्या खोडावरची वळी, फुटपाथच्या चौकड्यांच्या लाद्या, दुकानाचं शटर, असं काहीही कागदाखाली धरून घासलं की ठसा उमटतो. ओहोटीला खाडीच्या काठावर चिखलातून वर आलेली तिवराची श्वसनमुळं दिसतात. हजारो उभ्या काड्या, कुठे दाट, कुठे विरळ. चादरीच्या पार्श्वभूमीसाठी इतकी चांगली, न कंटाळवणारी रचना मला दुसरीकडे सापडलेली नाही. त्यासाठी भरती-ओहोटीची वेळ आधी पाहून निघा.

हे सगळं कारखान्यापर्यंत जायचं असतं, म्हणून थोडा हिशेबही शिकून घ्या. रोटरी छपाईत फिरत्या, जाळीदार नळकांड्यांतून कापडावर रंग उतरतो. या नळकांड्यालाच स्क्रीन म्हणतात आणि नेहमीच्या स्क्रीनचा घेर 64 सेंटिमीटर असतो. तुमचा रिपीट, म्हणजे कापडभर पुन्हा पुन्हा येणारा चित्राचा तुकडा, 64, 32 किंवा 16 अशा मापात बसला पाहिजे. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणून सहा रंगांचं चित्र चार रंगांत तितकंच बोलकं करता येणं हे खरं कसब. डिजिटल छपाईत ही बंधनं नसली तरी आधी चार रंगांत काम करून पाहा, आकार आपोआप घट्ट होतात. फुलं सरळ ओळींत मांडली की डोळ्यांना पट्टे दिसू लागतात, तेव्हा शेजारचा उभा स्तंभ अर्ध्या रिपीटने खाली सरकवा.

पोर्टफोलिओत तयार प्रिंटच्या शेजारीच मूळ स्केच आणि घासून घेतलेला कागद लावा, डाग पडलेला असला तरी चालेल. मुलाखतीला आलेल्या मुलांच्या फाइली मी पाहते तेव्हा सफाईदार प्रिंट बहुतेकांकडे असतात. मी आधी ते कागद शोधते आणि पुढचे प्रश्न त्यांच्यावरूनच विचारते.