नवं हॉटेल, जुन्याच चुका: कॉन्फरन्स बुक करण्याआधी या टाळा

"ऑक्टोबरात उघडतंय, इंट्रोडक्टरी रेट आहे, आत्ताच उचलू." पंचतारांकित हॉटेल नवं असो वा नूतनीकरण चालू असलेलं, फसगतीची सुरुवात बहुतेक वेळा या वाक्यानं होते. स्वस्त दर हॉटेल उगाच देत नाही. नवा स्वयंपाकघराचा ताफा, नवे वेटर, नवी यंत्रणा हे सगळं कुणावर तरी घासून बघायचं असतं. आपली डीलर मीट ही त्यांची रंगीत तालीम ठरते आणि तिकिटाचे पैसे मात्र आपण भरतो.

जाहीर झालेल्या तारखेवर विसंबणं

हा सगळ्यात महागडा प्रकार, आणि अगदी बड्या नावांच्या बाबतीतही घडलेला. लंडनचं सॅव्हॉय डिसेंबर २००७ मध्ये बंद झालं. काम साधारण सोळा महिन्यांचं म्हणून सांगितलं होतं, पण हॉटेल उघडलं १० ऑक्टोबर २०१० ला. दहा कोटी पौंडांचा अंदाज तोवर बावीस कोटींवर गेला होता. पॅरिसचं रिट्झ ऑगस्ट २०१२ मध्ये सत्तावीस महिन्यांच्या बोलीवर बंद झालं. २०१६ मध्ये उघडायची तयारी चालू असताना जानेवारीत वरच्या मजल्याला आग लागली, आणि पाहुणे आत आले ते जूनमध्ये. न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया मार्च २०१७ मध्ये बंद झालं तेव्हा दोन-तीन वर्षांची भाषा होती. उघडायला २०२५ उजाडलं.

जुन्या इमारतीत भिंत फोडल्याशिवाय आतली पाइपलाइन, वायरिंग आणि नकाशात नसलेली तुळई दिसत नाही. दिसली की डिझाइन पुन्हा, मंजुरी पुन्हा. नव्या बांधकामात घोडं अडतं ते कागदांवर: ओसी (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला), फायर एनओसी (अग्निशमन दलाची ना-हरकत), लिफ्टचा परवाना, अन्न परवाना आणि सगळ्यात शेवटी दारूचा परवाना. खोल्या तयार आणि बार कोरडा, असं पहिल्या काही आठवड्यांत सर्रास दिसतं. गाला डिनर ठेवणाऱ्यांनी हे आधी विचारावं.

हिशेब साधा आहे. जाहीर तारखेनंतर किमान चार महिने सोडा, मुक्कामी परिषद असेल तर सहा. घाई असलेल्यांना हे पटत नाही. बाजारात तुरी असतानाच ते निमंत्रणपत्रिका छापून मोकळे होतात. तरीही घ्यायचंच असेल, तर करारात तीन गोष्टी हव्यात. कार्यक्रमाच्या ९० दिवस आधी हॉटेलनं ओसी आणि परवाने लेखी दाखवावेत. नाही दाखवले तर पूर्ण अनामत परत मिळावी. आणि त्याच दर्जाचं दुसरं हॉटेल त्यांनी त्यांच्या खर्चानं द्यावं, तिथवरच्या बससकट. सेल्समधला माणूस हसून "त्याची गरजच पडणार नाही" म्हणाला, तर कलम त्याच दिवशी घालून घ्या.

'सुरू झालं' म्हणजे सगळं सुरू झालं, असं धरणं

मुंबईचं ताज २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर २१ डिसेंबर २००८ ला सुरू झालं, पण तो टॉवर होता. जुना पॅलेस विंग खुला झाला १५ ऑगस्ट २०१० ला. त्या मधल्या काळात 'ताज सुरू आहे' हे वाक्य खरंच होतं. सॉफ्ट ओपनिंगमध्ये, म्हणजे थोडाच भाग चालू करून केलेल्या सुरुवातीत, असंच असतं: चालू मजले किती, रेस्टॉरंट किती, बँक्वेटचं स्वतंत्र किचन पेटलंय की नाही, हे प्रत्येक वेगळं विचारावं लागतं. तीनशे जणांचं जेवण वरच्या रेस्टॉरंटच्या किचनमधून एका सर्व्हिस लिफ्टनं येणार असेल, तर ते गार येणार.

तळघरातला बॉलरूम आणि मोबाइलची रेंज

शहरात जागा महाग, म्हणून नवे बॉलरूम जमिनीखाली जातात. काँक्रीटच्या दोन स्लॅबखाली मोबाइलचा सिग्नल पोचवायला इमारतीच्या आत वेगळी अँटेना यंत्रणा लागते, आणि टेलिकॉम कंपन्यांशी तिचे करार बहुतेक वेळा उद्घाटनानंतर पुरे होतात. मग काय घडतं? सकाळी साडेनऊला तीनशे माणसं नोंदणीच्या टेबलापाशी उभी असतात. अ‍ॅपवर क्यूआर कोड, त्याला ओटीपी, आणि ओटीपी येत नाही. हॉटेल म्हणतं, वायफाय घ्या. वायफायच्या लॉगिनलाही ओटीपीच. दहा वाजता वक्ता स्टेजवर, निम्मा हॉल अजून जिन्यात रेंज शोधतोय.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. तिन्ही मोठ्या कंपन्यांची सिम घेऊन हॉलच्या चारही कोपऱ्यांत स्वतः फोन लावून बघा. वायफायसाठी सेल्सला नको, आयटी मॅनेजरला विचारा: या हॉलमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणाऱ्या पेट्या) किती? तीनशे माणसं म्हणजे सहाशे उपकरणं. एका पॉइंटवर पन्नास धरली तर बारा हवेत. लॉगिन ओटीपीचं नको, एक साधा पासवर्ड मागा. लाइव्ह स्ट्रीमला वायफाय वापरूच नका. केबल ओढून घ्या, आणि फुल एचडीला ६ ते ८ एमबीपीएस अपलोड लागतं तर मागताना दुप्पट मागा. नोंदणीची यादी छापील ठेवा. कागदाला नाकं मुरडणारे पहिल्या अर्ध्या तासात तोच कागद शोधत येतात.

ब्रोशरमधली क्षमता

'४०० थिएटर' म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्याच खुर्च्या. ५० बाय ८० फुटांचा हॉल घ्या, चार हजार चौरस फूट. स्टेज १२ फूट खोल, एलईडी वॉलमागे तंत्रज्ञांना ४ फूट, पहिल्या रांगेपुढे ८ फूट, मागं साउंड-लाइटचा कन्सोल. तेराशे चौरस फूट गेले. उरलेल्या २,७०० मध्ये माणशी दहा फूट धरून २७० खुर्च्या, आणि गोल टेबलं हवीत तर जेमतेम १८०.

ड्रिलचा आवाज

काँक्रीटमध्ये कोअर कटिंग, म्हणजे यंत्रानं गोल भोकं पाडणं, चालू असलं की आवाज स्लॅबमधून दोन-तीन मजले खाली उतरतो. गालिचा, पडदे काही थांबवत नाहीत. "आवाज होणार नाही" असं लिहून घेण्यात अर्थ नाही. कोणत्या मजल्यावर, कोणतं काम, किती ते किती बंद, असं लिहून घ्या.

पहिला पावसाळा न पाहिलेलं हॉटेल जून ते सप्टेंबरमध्ये घेऊ नका. काचेची दर्शनी भिंत आणि टेरेस गार्डन कुठे गळतं, हे मुंबईचा जुलैच सांगतो.

लॉन किंवा पूलसाइडला लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. हॉटेल कितीही नवं असो.

जीएसटीत तर अनुभवी मंडळीही घसरतात. खोल्या आणि हॉल यांचा कर इमारत जिथे त्या राज्याचा लागतो. मुंबईतल्या हॉटेलचं बिल सीजीएसटी (केंद्राचा वाटा) अधिक महाराष्ट्राचा एसजीएसटी (राज्याचा वाटा) असंच येणार. कंपनीची नोंदणी फक्त कर्नाटकात असेल, तर तिला त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. ७,५०० रुपयांवरच्या खोलीला १८ टक्के, म्हणजे शंभर खोल्यांवर रक्कम लहान नसते. बजेट कर वगळलेल्या आकड्यावर मंजूर करून घेतलेल्यांना हे बिलाच्या दिवशीच कळतं.

साइट व्हिजिट

मॉक-अप रूम, म्हणजे नमुन्याची खोली, पाहून परतू नका. ती सजवलेलीच असते. मंगळवारी सकाळी अकराला जा, काम ऐन भरात असताना. ज्या मजल्यावर तुमचे लोक राहणार तीच खोली उघडायला लावा, शॉवर आणि फ्लश एकदम सोडा, ताज्या रंगाचा आणि गालिच्याच्या गोंदाचा वास येतो का पाहा. मालाच्या लिफ्टचं दार टेपनं मोजा. सेटचे फ्लॅट (सजावटीचे उभे फलक) ८ फुटी असतील आणि दार ७ फुटी, तर ते आडवे-तिरपे घालायचे की जिन्यानं न्यायचे, हे आदल्या रात्री ठरवत बसायला नको. फायर यंत्रणेचा बी फॉर्म, म्हणजे ती चालू स्थितीत असल्याचा दाखला, मागा. महाराष्ट्रात तो दर जानेवारी आणि जुलैत भरावा लागतो, ताजा असायला हवा. आणि छताकडे बघा: धूळ जाऊ नये म्हणून काम चालू असताना स्मोक डिटेक्टरवर प्लॅस्टिकची टोपी बसवतात, आणि काम संपल्यावर ती काढायची राहून जाते. दिसली, तर ती तुमच्यासमोर काढून घ्या.