गोवा ते लंडन: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढायचा

आधी तिकिटावरचा कोड बघा. गोव्यात दोन विमानतळ आहेत: दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. दोहोंत हवाई अंतर जेमतेम ४० किमी, त्यामुळे लंडनच्या हिशेबात फरक पडत नाही. पण काणकोणहून मोपा गाठायला अख्खा गोवा ओलांडावा लागतो, आणि चुकून दाबोळीला गेलात तर विमान गेलंच म्हणून समजा.

अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट वक्र दिसते. दाबोळी १५.३८ उत्तर, ७३.८३ पूर्व, लंडनचं गॅटविक ५१.१५ उत्तर, ०.१९ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.२०६५. त्यांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणलं की ०.१६६५. बेरीज ०.३७३०, तिचा उलटा कोसाइन ६८.१ अंश. एका अंशाला ६० सागरी मैल, एका सागरी मैलाला १.८५२ किमी, म्हणजे साधारण ७,५७० किमी. उत्तर भलतंच आलं तर कॅल्क्युलेटर बहुधा अंशांऐवजी रेडियनवर असतो. गॅटविक पश्चिमेला आहे, म्हणून रेखांश वजा न करता मिळवायचे: ७४.०२.

ताशी ९०० किमीने भागलं तर ८ तास २५ मिनिटं येतात. त्यावर विसंबू नका. ही रेषा अरबी समुद्रावरून पाकिस्तानातला मकरान किनारा, इराण, आर्मेनिया अशी जाते. पाकिस्तानने २०१९ आणि २०२५ मध्ये हवाई हद्द बंद केली तेव्हा भारतीय विमानांना वळसा पडला. शिवाय उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. थेट विमान असेल तर जाताना १० तास किंवा जास्त, येताना ९ ते साडेनऊ धरा.

छोट्या टप्प्यात वेगाचा हिशेब आणखी फसतो. गोवा-मुंबई ४२५ किमी, तरी वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास वेळ असतो. धावपट्टीकडे जाणं, चढणं, उतरणं, मुंबईवर घिरट्या, सगळं त्यात आलं.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. गोव्याहून दुपारी १ ला निघून लंडनला संध्याकाळी ६ ला पोहोचलात, तर प्रवास ५ तासांचा नाही. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ साडेपाच तास मागे असतं, तेवढे मिळवा: साडेदहा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचारच मिळवायचे.

मुंबईत विमान बदलणार असाल तर तिकीट एकाच बुकिंगवर काढा, हे आमचं ठाम मत. वेगवेगळी तिकिटं असली तर सामान बहुधा स्वतः घेऊन पुन्हा द्यावं लागतं, आणि पहिलं विमान रखडलं तर पुढचं तिकीट बुडतं. त्यातून टर्मिनल १ ला उतरलात तर रस्त्याने टर्मिनल २ गाठावं लागतं. अशा वेळी मध्ये किमान ५ तास ठेवा. पावसाळ्यात त्याहून जास्त.